कापसाच्या खोलीतलं विमान

आदिलाबादहून हैदराबादला रेल्वेने जायचं तर आधी महाराष्ट्रात जावं लागतं. गाडी किनवट, हिमायतनगर करत मुदखेडला पोचते, तिथून वळसा घेऊन बासर-निजामाबादमार्गे राजधानीकडे सरकते. म्हणजे आपल्याच राज्याच्या सचिवालयात अर्ज द्यायला निघालेला माणूस बराचसा प्रवास शेजारच्या राज्यात डुलक्या घेत करतो. रस्त्याने जावं तर चव्वेचाळीस नंबरचा हायवे आहे, तीनशेएक किलोमीटरचा, सरळ आणि रुंद. पण रस्ता सरळ असला म्हणून कंबर सरळ राहते असं नाही. राहिलं विमान. विमानाची जमीन मात्र आमच्याकडे आहे. निजामाच्या काळापासून आहे आणि गावाला अगदी खेटून आहे. तिच्यावर आजवर सर्वांत जास्त उतरली ती आश्वासनं.

माझा भाचा या परिस्थितीकडे इंजिनिअरच्या नजरेने बघतो. त्याने हिशेब मांडला. आदिलाबाद आणि हैदराबादच्या विमानतळाचं शमशाबाद जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. नाकासमोर दक्षिण धरायची, अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आत, सेसना १७२ सारख्या चार माणसांच्या विमानाला सव्वा तास पुष्कळ झाला. विमानतळ व्हायचा तेव्हा होईल, तोवर विमानाची तयारी आपण का अडवून ठेवायची? असं म्हणून त्याने ताईकडून माडीवरची खोली मागून घेतली.

ही खोली कापसाची. आदिलाबादेत ज्याच्याकडे शेत आहे त्याच्याकडे अशी एक खोली असतेच. दसरा-दिवाळीला वेचणी होते, भाव मनासारखा नसतो, मग कापूस घरात येतो आणि घरातली माणसं ओसरीवर जातात. संक्रांतीपर्यंत भाव वाढेल अशी आशा असते. ती आशा कापसाच्या बरोबरीने त्या खोलीत दाबून भरलेली असते. २०२० सालच्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली, आणि त्याच सुमारास भाचा हैदराबादची भाड्याची खोली सोडून घरून काम करायला गावी आला. या दोन गोष्टी एकाच वर्षी व्हायला नको होत्या, असं ताई अजून म्हणते. त्या वर्षी कापूस ओसरीवर राहिला आणि विमान आत गेलं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा खेळ आहे असं भाच्यासमोर म्हणायचं नाही, हे पहिलं. यात अख्खी पृथ्वी आहे. उपग्रहाची चित्रं जमिनीवर अंथरली आहेत आणि इमारती यंत्राने अंदाजाने उभ्या केल्या आहेत. यंत्राचा अंदाज तो यंत्राचा अंदाज. मेलबर्नच्या एका साध्यासुध्या उपनगरात २१२ मजल्यांचा सुळका उभा राहिला होता, कारण कुणीतरी सार्वजनिक नकाशात दोन मजले लिहिता लिहिता २१२ लिहून ठेवले होते. आदिलाबादेत असलं काही झालं नाही. आमच्या गावाबद्दल नकाशात कुणी फारसं काही भरतच नाही, मग चुकणार काय?

सुरुवातीला नुसती एक दांडी होती. मग ती दांडी जाऊन टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग आलं. पायाखाली पेडल आली. इंजिनाचे दट्टे आले. ताई केर काढायला गेली की तिला प्रत्येक वेळी नवी वस्तू सापडायची आणि प्रत्येक वस्तूला एक वायर असायची. इथपर्यंत घरातल्यांनी सोसलं, कारण याला एक शेवट असेल असा सर्वांचा समज होता. मग एके दिवशी भाच्याने जाहीर केलं की आता विमान बरोबर वाटतंय, फक्त समोरचं पॅनेल खोटं वाटतंय.

जुन्या विमानात वैमानिकापुढे सहा गोल घड्याळं असायची. वेग, कल, उंची, वळण, दिशा, आणि विमान चढतंय की उतरतंय ते. आत हवेचा दाब आणि गरगर फिरणारे जायरो, बाहेर काटा. १९८२ साली सेवेत आलेल्या बोइंग ७६७ मध्ये यातल्या काही घड्याळांच्या जागी पडदे बसले. १९८८ साली आलेल्या एअरबस ए३२० ने जवळजवळ सगळा कारभारच पडद्यांवर नेला. पुढे २००४ च्या सुमारास गार्मिनचं जी१००० आलं आणि छोट्या विमानांतही दोन पडदे लागले. एक वैमानिकाच्या नाकासमोरचा, त्यावर ती सहाही घड्याळं एकवटलेली. दुसरा शेजारचा, त्यावर नकाशा आणि इंजिनाची खुशाली. यालाच ग्लास कॉकपिट म्हणतात. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिकांची जी शाळा आहे तिथली मुलं डायमंडच्या विमानांत याच पडद्यांपुढे शिकतात. त्या शाळेची फी दाजींनी एकदा फोनवरून विचारली होती. ऐकून त्यांनी जमिनीचं पासबुक कुठल्या पेटीत आहे ते पाहिलं आणि पेटीला कुलूप लावलं.

भाच्याचं दुःख असं होतं की त्याच्या विमानातही हे दोन पडदे होते, पण ते मोठ्या पडद्यातच काढलेले होते. रेडिओचा आकडा बदलायचा तर माऊस नेऊन चित्रातलं बटण फिरवायचं. तेवढ्यात विमान डावीकडे कलायचं, ते सरळ करेपर्यंत माऊस कुठे गेला ते सापडायचं नाही. त्याला खरा पडदा हवा होता. वेगळा, चौकटीत बसवलेला, ज्याच्या कडेची बटणं बोटांनी फिरतील. सॉफ्टवेअरची तयारी आधीच होती: ठरावीक कळ दाबून तो चित्रातला पडदा उचलायचा आणि ओढत दुसऱ्या मॉनिटरवर नेऊन टाकायचा, की झालं. हे 'की झालं' त्याने अगदी सहज म्हटलं. त्यानंतर घरात दोन पावसाळे येऊन गेले.

अडचण पडद्याच्या आकाराची. खऱ्या जी१००० चा पडदा १०.४ इंचाचा आहे, जुन्या टीव्हीच्या प्रमाणातला, आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके. बाजारात आता मिळतात ते सगळे लांबट. सिनेमा बघायला चांगले, विमानाला कुचकामी. चौकोनी पडदा हवा तर भंगारात उतरावं लागतं. भाचा उतरला. पहिला पडदा मिळाला तो एका जिनिंग मिलच्या बदललेल्या कंट्रोल पॅनेलमधला. माप बरोब्बर १०.४ इंच. आनंदाने घरी आणला, पाठीमागच्या चिठ्ठीवरचा नंबर शोधला, तर ठिपके ६४० बाय ४८०. त्यावर विमानाचा वेग दिसायचा, पण आठ आहे की तीन हे अंदाजाने ठरवावं लागायचं. दाजी म्हणाले, "चालतंय की. आठ दिसला तर आठ धर." भाच्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की दाजी माडी उतरून खाली गेले.

या चिठ्ठीचं प्रस्थ मोठं आहे, हे मला तेव्हा कळलं. पडद्याच्या पाठीवर बारीक अक्षरात त्याचा कुळनंबर असतो. त्या नंबराला जुळणारा कंट्रोलर बोर्ड मागवावा लागतो. एका बाजूने कॉम्प्युटरची वायर घ्यायची, दुसऱ्या बाजूने पडद्याला समजेल असं सांगायचं, हे त्या बोर्डाचं काम. नंबरातलं शेवटचं अक्षर जरी चुकलं तरी पडदा पांढराफट्ट पेटतो आणि तसाच राहतो. बोर्ड चीनहून येतात. कस्टममध्ये किती दिवस राहायचं हे ते स्वतः ठरवतात. आदिलाबादच्या पत्त्यावर 'इलेक्ट्रॉनिक पार्ट' लिहिलेलं पाकीट आलं की कुरिअरवाला पोरगा दाजींना बाजूला घेऊन विचारायचा, "काका, आत काय हाय?" दाजी म्हणायचे, "विमान." पोरगा सही घेऊन निघून जायचा. त्याला वाटायचं काका चिडलेत.

शेवटी तोडगा अमेरिकेतून आला. आमचा एक आतेभाऊ सुट्टीला आला होता, त्याच्या मुलाचा जुना आयपॅड बॅगेत तळाशी होता. दुसऱ्या पिढीतला, वरची काच तडकलेली, कुणी विचारत नव्हतं. भाच्याने तो हातात घेतला आणि आतेभावाला जेवायचा आग्रह सुरू केला. पहिल्या दोन पिढ्यांच्या आयपॅडचा पडदा ९.७ इंचाचा, ठिपके मात्र नेमके १०२४ बाय ७६८! काच तडकली तरी आतला पडदा शाबूत. जिलेबीच्या तिसऱ्या वाढपानंतर आतेभाऊ म्हणाला, "ठेव रे बाबा तुलाच." फक्त माप पाऊण इंचाने कमी. हा पाऊण इंच भाच्याला फार दिवस जिव्हारी लागला होता. चौकट थोडी आत घेतली की बाहेरून कुणाला कळणार नाही, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "मामा, मला कळेल ना."

इथे दाजींबद्दल सांगायला हवं, कारण या घरात यंत्राचे आकडे वाचायची खरी परंपरा त्यांची आहे. कापूस घेऊन मार्केट यार्डात गेलं की खरेदीवाला गाडीत हात घालतो आणि ओलाव्याचं मीटर कापसात खुपसतो. आठ टक्के ओलावा असला तर हमीभाव पूर्ण. आठच्या वर गेला की तेवढा भाव कमी. बाराच्या वर गेला की गाडी परत. आठ आणि बाराच्या मधल्या चार आकड्यांवर आदिलाबादची लग्नं, शाळेच्या फिया आणि नव्या मोटरसायकली ठरतात. त्यामुळे मीटरसमोर उभं राहायचं कसं हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. श्वास रोखायचा, काट्याकडे बघायचं नाही, काटा बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. दाजी भाच्याच्या विमानात पहिल्यांदा बसले तेव्हा असेच बसले. समोर वेग, उंची, दिशा सगळं झळकत होतं; त्यांनी एकाही आकड्याकडे पाहिलं नाही. भाच्याच्या तोंडाकडे बघत राहिले. विमान पैनगंगेत पडलं तेव्हाही त्यांना ते त्याच्या तोंडावरूनच कळलं.

पडदा झाला, आता त्याच्या कडेची बटणं. यात खरी साडेसाती आहे. जी१००० च्या चौकटीत तळाशी बारा बटणांची ओळ, बाजूला आणखी सहा, आणि शिवाय फिरवायचे नॉब. त्यातले पाच दुहेरी. म्हणजे एका नॉबच्या डोक्यावर दुसरा बारका नॉब. खालचा मोठा फिरवला की रेडिओचे पूर्ण आकडे बदलतात, वरचा फिरवला की दशांश चिन्हाच्या पुढचे. वैमानिक हे न बघता करतो. असा दुहेरी नॉब आदिलाबादेत कुणाकडे असणार? भाचा गांधी चौकाच्या मागे एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेला. त्या गृहस्थांनी बिनाका गीतमालेच्या काळात निम्म्या जिल्ह्याचे रेडिओ उघडले होते. डब्यातून त्यांनी मूठभर नॉब काढले, काळे, तांबूस, एक सोनेरी कडेचा, आणि विचारलं, "कोणतं स्टेशन लावायचं?" भाच्याने सांगितलं, शमशाबाद टॉवर. त्यांनी सोनेरी कडेचा नॉब बाजूला काढून दिला. पैसे घेतले नाहीत.

नॉबच्या खालचा फिरता भाग मात्र मागवावाच लागला, आणि त्याची खोड फार वाईट. एक टिचकी फिरवली की एक अंश बदलावा अशी साधी अपेक्षा. पण आतला धातूचा स्पर्श थरथरतो, एका टिचकीत दोनदा-चारदा जुळतो-सुटतो, आणि कॉम्प्युटर प्रामाणिकपणे ते सगळे मोजतो. भाच्याने दिशा एकशेऐंशी लावायला नॉब फिरवला की विमान एकशेचौऱ्याऐंशीला निघायचं. परत आणला की एकशेशहात्तरला. याला उपाय दोन. एक तर बारीक कपॅसिटर लावून थरथर शोषून घ्यायची, किंवा आज्ञावलीत सांगायचं की इतक्या क्षणात दुसरी टिचकी आली तर ती मोजू नकोस. भाच्याने दोन्ही केले. त्यानंतर नॉब इतका समंजस झाला की भराभर फिरवला तर काहीच मोजेनासा झाला.

या साऱ्या बटणांचा म्होरक्या म्हणजे तळहाताएवढी एक निळी पाटी, आर्डुइनो मेगा. तिला चोपन्न पाय. प्रत्येक पायाला वायर. मोबीफ्लाइट नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्या पाटीत घालायचं, मग कोणता पाय म्हणजे कोणतं बटण हे एकेक करून सांगायचं. पाठीमागून ते प्रकरण ताईने उन्हात वाळत घातलेल्या शेवयांसारखं दिसायचं. माझं काम धरण्याचं. मराठी घरात कुठलीही दुरुस्ती निघाली की एक मामा बॅटरी धरायला उभा लागतो, त्याशिवाय ती दुरुस्ती होत नाही. मी बॅटरी धरली, बोर्ड धरला, सोल्डरची तार धरली, आणि एकदा घाईत इस्त्री समजून सोल्डरिंगची कांडी धरणाऱ्या कामवालीचा हात वेळेवर धरला.

चौकटीवरून घरात दोन पक्ष पडले. ताईचं म्हणणं, निर्मळ ऐंशी किलोमीटरवर आहे, तिथले कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडाची फळं आणि पोपट इतके हुबेहूब करतात की माणूस चावायला जातो. त्यांना चौकट जमणार नाही? मला ही सूचना फार आवडली. निर्मळच्या रंगात सोनेरी वेलबुट्टी काढलेला जी१००० जगात दुसरा झाला नसता. पण भाच्याला हुबेहूब गार्मिन हवं होतं, हुबेहूब पोपट नको होता. अखेर नंबरप्लेट करणाऱ्या एका दुकानदाराने काळ्या अॅक्रिलिकमध्ये चौकट कापून दिली. अक्षरंही त्यानेच बसवली. सवयीप्रमाणे त्याने कोपऱ्यात बारीक 'आईचा आशीर्वाद' टाकला होता. भाच्याने तो खरवडला नाही. प्रत्येक विमानात काही ना काही सर्टिफिकेट लागतंच, म्हणाला.

पडदा उजळला त्या संध्याकाळी शेजारचे पंतुलुगारू आले. निवृत्त गणिताचे मास्तर, घरात तेलुगू, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेले, आम्ही इथे राहिलो; तेव्हापासून आमचं मराठी जरा निवांत झालंय, मास्तरांचं मात्र पुस्तकातलंच राहिलंय. भाच्याने पैनगंगेवरून हवेतून सुरुवात केली, कापसाच्या शेतांवरून येऊन विमान आमच्या जुन्या मैदानात उतरवलं. आदिलाबादची विमानसेवा अशी उतरण्यापासून सुरू झाली, उडण्यापासून नाही. त्या दिवशीचा हवेचा दाब त्याने नव्या नॉबने भरला आणि उंचीचा आकडा आठशेसाठ-ऐंशीच्या दरम्यान येऊन थांबला. मास्तरांनी डोळे मिटले. आदिलाबादची उंची समुद्रसपाटीपासून २६४ मीटर, गुणिले ३.२८, म्हणजे ८६६ फूट. "बरोबर," ते म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवणार तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. "पण आपण माडीवर आहोत. बारा फूट मिळवा." हा आकडा वीस-वीस फुटांच्या पट्टीने सरकतो आणि विमान माडीवर नसून मैदानात आहे, हे भाच्याने त्यांना परोपरीने समजावलं. मास्तर ऐकून घेत होते. जाताना म्हणाले, "बारा फुटांचा प्रश्न उरतोच."

ज्यांना हा सगळा पोरखेळ वाटतो त्यांनी थोडा इतिहास बघावा. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला एडविन लिंक नावाचा तरुण होता, वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना. विमान शिकायला पैसे फार लागतात म्हणून त्याने १९२९ साली ऑर्गनच्याच भात्यांवर हलणारं, डुलणारं खोटं विमान बांधलं. लोक त्याला जत्रेतला पाळणा समजायचे. १९३४ साली अमेरिकेच्या लष्कराने टपाल वाहायला घेतलं, धुक्यात आणि अंधारात वैमानिक पटापट मेले, तेव्हा लष्कराने तेच पाळणे विकत घेतले. पुढे महायुद्धात त्यावर वैमानिकांच्या फौजा शिकल्या. पेटीच्या भात्यातून विमान निघतं हे आधी कळलं असतं तर महाराष्ट्रातल्या निम्म्या भजनी मंडळांनी तेव्हाच उड्डाण केलं असतं. तसं घरात बसून उडण्यात आपण मागे नव्हतोच. प्रभातने १९३६ साली 'संत तुकाराम'मध्ये गरुडावर बसवून तुकोबांना वैकुंठाला नेलं ते पुण्यातल्या स्टुडिओच्या आवारातच. तळपद्यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं म्हणतात. उडालं की नाही यावर लोक हिरिरीने भांडतात, पण त्यात उंची दाखवणारं काही होतं का, हे विचारायचं कुणालाच सुचत नाही. भाच्याला पहिला प्रश्न हाच पडतो.

आणि एका माणसाने तर खरंच केलं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनासाठी ते गच्चीवरून खाली उतरवावं लागलं, २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि २०२० साली ते धुळ्याला हवेत गेलं. ही बातमी वर्तमानपत्रात आली त्या दिवशी ताईने गच्चीची किल्ली कमरेला लावली. ती अजून तिथेच आहे.

विजेचं सांगायचं राहिलं. तेलंगणात २०१८ च्या जानेवारीपासून शेतीला चोवीस तास फुकट वीज आहे. विमान शेतीत धरत नाहीत. एकदा उतरायला जेमतेम पाचशे फूट उरलेले असताना वीज गेली आणि शमशाबाद, धावपट्टी, दिवे, भाच्याचं तोंड, सगळं एकदम काळं झालं. खऱ्या विमानात अशा वेळी पडद्यांसाठी राखीव बॅटरी असते, आणि तीही गेली तर खाली तीन जुनी गोल घड्याळं ठेवलेली असतात. हे ऐकल्यावर या सगळ्या प्रकारात पहिल्यांदा दाजींनी मान डोलावली. ज्याने रात्री-बेरात्री मोटारीचा स्टार्टर दाबायला शेत गाठलंय त्याला राखीव बॅटरी लगेच पटते. दुसऱ्याच दिवशी इन्व्हर्टर आला. घरातले पंखे त्यावर नाहीत; विमान आहे.

पडदा बंद पडला तर काय, याचीही सोय खऱ्या विमानात असते. एक लाल बटण दाबलं की बंद पडलेल्या पडद्यावरचा सगळा ऐवज उरलेल्या पडद्यावर येतो. भाचा हे समजावत होता तेव्हा मला केरामेरीच्या डोंगरातली ती चौदा गावं आठवली. महाराष्ट्र म्हणतो जिवती तालुक्यातली, तेलंगणा म्हणतो केरामेरी मंडलातली. लोकांकडे मतदार कार्डं दोन, रेशन कार्डं दोन, गावात शाळा दोन राज्यांच्या. एका सरकारचा पडदा काळा पडला की दुसऱ्या सरकारचा पेटवून बघायचा. गार्मिनला ही युक्ती सुचायच्या कितीतरी आधीपासून ती गावं हीच युक्ती वापरताहेत. फरक इतकाच की त्यांच्याकडे कधीकधी दोन्ही पडदे एकाच वेळी काळे असतात.

भाचा उडतो किती, असं मला लोक विचारतात. फार थोडं. हे मी पुष्कळ बघून सांगतो: घरात विमान बांधणारी माणसं उडत नाहीत, बांधतात. पडदा झाला की नॉब, नॉब झाले की त्यांच्यामागचा मंद उजेड, उजेड झाला की नव्या आवृत्तीत सगळं मोडतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सिम्युलेटरची आणखी नवी आवृत्ती आली आणि बटणांची नावनोंदणी पुन्हा पहिल्यापासून तपासायची वेळ आली. भाच्याइतका आनंदी माणूस मी त्या आठवड्यात दुसरा पाहिला नाही. सरकारदरबारी या तासांना किंमत शून्य. व्यावसायिक परवान्याला दोनशे तास खरं विमान चालवावं लागतं. कापसाच्या खोलीतला एक मिनिटही त्यात मोजत नाहीत. माझ्या मते हेच बरं आहे. मोजायला लागले असते तर त्याला उडावं लागलं असतं.

२०२५ साली बातमी आली की हवाई दलाने आदिलाबादच्या मैदानावर नागरी विमानतळाला हरकत नसल्याचं कळवलं. गावात पेढे वाटले गेले. पंतुलुगारू खास अभिनंदन करायला आले, तेव्हा भाचा विचारात बसला होता. नवी धावपट्टी होणार, तिची दिशा बदलणार, टॉवरचा आकडा येणार, उतरायची वाट नव्याने आखणार. सगळं परत भरावं लागणार. "किती वर्षं आहेत आपल्या हातात?" त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, रेल्वेची सरळ लाइन व्हायला जेवढी आहेत तेवढी. भाच्याचा जीव भांड्यात पडला.

सध्या परिस्थिती अशी आहे. वैमानिकापुढचा पडदा उत्तम चालतो. शेजारची दुसरी चौकट कापून तयार आहे, बटणं लागली आहेत, आत पडदा मात्र नाही. भोक वाईट दिसतं म्हणून ताईने तिथे कालनिर्णय लावलंय. संकष्टीचा चंद्रोदय दाखवणारं ग्लास कॉकपिट दुसरीकडे कुठे नसावं. पण भाच्याला नकाशा हवाय. तेव्हा वाचकहो, तुमच्या कपाटात पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीतला आयपॅड पडून असेल, वरची काच फुटलेली असली तरी चालेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. आदिलाबादला येणाऱ्या कुणाच्याही हाती पाठवा. जिलेबी आमच्याकडे.